कोच टिकला पाहिजे, बाई!

घरात नवी सून आली, की पहिल्याच दिवशी तिच्या आमटीला नावं ठेवणारी मंडळी असतात ना, तशी ती फुटबॉलमध्येही असतात. नवा कोच आला रे आला, की यांचा हिशेब सुरू! आम्ही मडगावची माणसं. एफ. सी. गोवा हा आमचा घरचाच क्लब. फातोर्ड्याला सामना असला, की रात्रीचा स्वयंपाक चारलाच उरकायचा, हे आता सासूबाईंनाही मान्य आहे.

२०२३ साली स्पेनचे मानोलो मार्केझ कोच म्हणून आले, तेव्हा जो तो विचारी, "आता तरी आय. एस. एल.चा कप येणार का?" विचारणं रास्तच होतं. २०१५ ची अंतिम फेरी फातोर्ड्यालाच झाली. नव्वद मिनिटं होत आली तरी आपण २-१ ने पुढे, आणि चेन्नईने अगदी शेवटी कप नेला! २०१९ मध्ये बेंगळुरूने जादा वेळेत एकच गोल केला, पुन्हा हात रिकामे.

माझं दुखणं मात्र निराळं होतं. कप येवो न येवो, हा कोच टिकावा! सर्जिओ लोबेरांनी संघाला देखणा खेळ शिकवला. २०२० मध्ये लीग शील्ड हाताशी आली असताना क्लबने त्यांनाच काढलं. मग हुआन फेरांडो आले. २०२१ मध्ये त्यांनी ड्युरँड कप मिळवून दिला आणि त्याच डिसेंबरात, हंगाम ऐन भरात असताना, कोलकात्याच्या क्लबकडे गेले. मी शाळेत अर्धवेळ शिकवते म्हणून सांगते, वर्षाच्या मध्यात बाई बदलल्या, की मुलं महिनाभर वहीत लक्ष घालत नाहीत. आणि छोट्या पासांचा खेळ म्हणजे काही शिकरण नव्हे, केळं कुस्करलं की झालं!

मार्केझनी २०२२ मध्ये हैदराबादला कप जिंकून दिला होता, तोही आपल्या फातोर्ड्यावरच. त्यामुळे भरवसा वाटत होता. पण २४ एप्रिल २०२४ ची ती उपांत्य फेरी! नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० आणि मग मुंबईचे लागोपाठ तीन गोल. आमच्याकडे त्या रात्री ताटं झाकलेलीच राहिली. त्यातच जुलैमध्ये त्यांच्याकडे भारताच्या संघाचीही जबाबदारी आली. एका बाईने दोन घरच्या चुली सांभाळायच्या म्हणजे एकीकडे भात करपणारच, असं मी ह्यांना म्हटलंसुद्धा. वर्षभराने ते काम सुटलं.

पण माणूस गोव्यात राहिला. मे २०२५ मध्ये जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप आला. ऑक्टोबरात सौदीचा अल नासर फातोर्ड्याला आला. रोनाल्डो आलाच नाही, मंडळी हिरमुसली. आपण १-२ हरलो, पण आपला एकमेव गोल गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसचा! डिसेंबरात ईस्ट बंगालला पेनल्टीवर हरवून सुपर कप पुन्हा आपल्याकडेच ठेवला, तेव्हा सासूबाईंनी स्वतः उठून खोबऱ्याच्या वड्या थापल्या.