खिशात मावणारा सडपातळ डिजिटल कॅमेरा: पातळ होण्यासाठी त्यानं काय सोडलं आणि काय मिळवलं?

गेल्या महिन्यात माझी भाची सुट्टीला आली आणि आल्या आल्या म्हणाली, "मामा, मला डिजिकॅम घ्यायचाय. तुझ्याकडे जुना पडलाय का एखादा?" हातात चांगला फोन असताना हिला वीस वर्षांपूर्वीचा कॅमेरा कशाला हवाय, असं मला वाटलं. पण कपाटातून माझा जुना चंदेरी कॅमेरा शोधून काढला. शर्टाच्या खिशात सहज मावणारा, पत्त्यांच्या कॅटएवढा. तो तिला देता देता एक चूक होता होता राहिली. ती पुढे सांगतोच, कारण तुमच्या घरातही असा कॅमेरा पडून असेल तर ती तुमच्याही उपयोगाची आहे.

त्याआधी समजून घेऊ की हे कॅमेरे इतके पातळ झाले कसे, आणि त्यासाठी त्यांना काय सोडावं लागलं.

किती पातळ म्हणजे पातळ?

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे कॅसिओचा एक्झिलिम ईएक्स-एस१. तो २००२ साली आला. जाडी फक्त ११.३ मिलिमीटर. लांबी-रुंदी साधारण एटीएम कार्डाएवढी. एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे अशी १५ कार्डं एकावर एक ठेवली की झाला हा कॅमेरा! वजन ९० ग्रॅमच्या आत. त्यातच स्क्रीन, फ्लॅश, बॅटरी आणि कार्डाची खाच.

आता दुसरी बाजू. रिझोल्यूशन सव्वा मेगापिक्सेलच्या आसपास. ऑप्टिकल झूम नाही. फोकस एकाच जागी कायमचा बसवलेला. कागदावर वाचलं तर कोणीही म्हणेल, हा कशाला घ्यायचा? तरीही तो लोकांना आवडला आणि कॅसिओनं त्याच नावानं पुढे बरीच वर्षं कॅमेरे काढले.

पातळपणाचं गुपित: छोटा सेन्सर

कॅमेऱ्यात लेन्स पुढे असते आणि सेन्सर मागे. या दोघांमध्ये ठरावीक अंतर लागतंच, कारण लेन्समधून आलेला प्रकाश बरोबर सेन्सरवर एकवटायला हवा. सेन्सर जितका मोठा, तितकं तेच दृश्य टिपायला हे अंतर जास्त लागतं. म्हणून कॅमेरा पातळ करायचा तर पहिली कात्री सेन्सरला लागते.

जुन्या फिल्मची एक फ्रेम ३६ × २४ मिलिमीटरची असायची. त्या काळच्या खिशातल्या कॅमेऱ्यांत "१/२.५ इंच" नावाचा किंवा त्याच्या आसपासचा सेन्सर असायचा. या नावावर जाऊ नका, ते जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून आलेलं आहे. प्रत्यक्षात हा सेन्सर सुमारे ५.८ × ४.३ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर फिल्मच्या फ्रेमपेक्षा साधारण ३५ पट छोटा.

याचा एक फायदाही झाला. फिल्म कॅमेऱ्यात जे दृश्य ३५ मिलिमीटरची लेन्स टिपते, तेच इथे ६ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स टिपते. इतक्या कमी फोकल लेंग्थच्या लेन्सला जवळचं आणि लांबचं बऱ्यापैकी एकदमच स्पष्ट दिसतं. साधारण एक मीटरपासून पुढचं सगळं चालण्यासारखं स्पष्ट. त्यामुळेच ईएक्स-एस१ मध्ये फोकस हलवायची यंत्रणाच काढून टाकता आली. फोकसची वाट बघायची नाही, बटण दाबलं की फोटो.

मग झूम कुठे लपवला?

लोकांना झूमही हवा होता. झूम म्हणजे काचा पुढे-मागे सरकायला हव्यात, आणि त्यासाठी जागा हवी. कंपन्यांनी यावर वेगवेगळ्या युक्त्या काढल्या.

पहिली युक्ती, प्रकाशाला वळण द्यायचं. २००२ च्या मिनोल्टा डिमाज एक्समध्ये लेन्समागे एक प्रिझम होता. समोरून आलेला प्रकाश तो ९० अंशात खाली वळवायचा. झूमच्या काचा कॅमेऱ्याच्या उंचीत उभ्या रचलेल्या, त्यामुळे झूम करताना बाहेर काहीच यायचं नाही. २००३ च्या सोनी सायबरशॉट टी१ मध्येही हीच कल्पना होती. आज काही महागड्या फोनमध्ये जी "पेरिस्कोप" लेन्स असते, ती याच घराण्यातली.

दुसरी युक्ती, काचा शेजारी-शेजारी ठेवायच्या. २००३ च्या पेंटॅक्स ऑप्टिओ एसमध्ये कॅमेरा बंद केला की मधल्या काचांचा गट बाजूला सरकायचा आणि बाकीच्या त्याच्या शेजारी आत बसायच्या. घरात पाहुणे जास्त झाले की आपण गाद्यांची चळत न करता त्या शेजारी-शेजारी अंथरतो, तसंच. ३ पट झूम असूनही जाडी सुमारे २० मिलिमीटर.

तिसरी युक्ती, काचच बदलायची. कॅसिओच्या २००४ च्या ईएक्स-एस१०० मध्ये पारदर्शक सिरॅमिकची लेन्स होती. हे सिरॅमिक नेहमीच्या काचेपेक्षा प्रकाश जास्त वाकवतं, त्यामुळे लेन्स पातळ ठेवता आली.

पातळपणाची किंमत

पावसात अंगणात एक परात ठेवा आणि शेजारी एक वाटी. दहा मिनिटांनी कशात जास्त पाणी असेल? सेन्सरचं आणि प्रकाशाचं अगदी तसंच. भर उन्हात वाटीही भरते, म्हणून या कॅमेऱ्यांचे दुपारचे फोटो छान यायचे. पण संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात वाटी भरायला वेळ लागतो. शटर जास्त वेळ उघडं राहतं, तेवढ्यात हात हलतो आणि फोटो अस्पष्ट. त्यात कॅमेरा इतका हलका की नुसतं बटण दाबल्यानंही हलतो.

यावर उपाय म्हणजे फ्लॅश, आणि त्याचेही तीन प्रश्न.

लाल डोळे: छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो. प्रकाश सरळ बाहुलीतून आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावरून तसाच लेन्सकडे परत येतो. लाल डोळे टाळायच्या सेटिंगमध्ये आधी थोडा प्रकाश टाकून बाहुल्या आकसवतात. पण लोकांना वाटायचं की फोटो निघाला, आणि खरा फोटो निघेपर्यंत अर्धी मंडळी उठलेली!

पांढरे गोळे: गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल उडत असताना फ्लॅश मारा, फोटोत पांढरट गोल ठिपके दिसतील. आमच्या शेजारच्या काकूंनी असा एक फोटो बरेच दिवस जपून ठेवला होता, त्यांना तो दैवी संकेत वाटायचा. प्रत्यक्षात लेन्सच्या अगदी पुढ्यात असलेले धुळीचे कण फ्लॅशनं उजळतात आणि फोकसबाहेर असल्यामुळे गोल दिसतात.

चेहरा पांढरा, मागे काळोख: या फ्लॅशचा उजेड काही मीटरच पोहोचतो. त्यामुळे माणूस चकचकीत आणि मागचा सगळा मांडव गायब.

गंमत म्हणजे भाचीला नेमकं हेच हवंय! तिच्या मैत्रिणींमध्ये या "लूक"चीच क्रेझ आहे. बरेच जण याचं श्रेय जुन्या सीसीडी सेन्सरला देतात. माझ्या मते त्यातला मोठा वाटा समोरून पडणाऱ्या फ्लॅशचा आणि त्या काळच्या साध्या प्रोसेसिंगचा आहे. आजचा फोन एका फोटोसाठी अनेक फोटो घेऊन ते जोडतो, सावल्या उजळतो. हा कॅमेरा जे समोर आलं ते एकदाच टिपतो आणि गप्प बसतो.

आता ती चूक

भाचीला कॅमेरा देण्याआधी मी शहाण्यासारखं कार्ड काढून घेतलं. त्यातले फोटो केव्हाच संगणकावर घेतलेले होते. बॅटरी चार्ज धरत नव्हती, म्हणून नवीन मागवून बसवली. कॅमेरा सुरू झाला आणि स्क्रीनवर आलं, मेमरी भरली आहे. कार्ड नसताना मेमरी कशी भरली? भाचीनं मेनू उघडला आणि म्हणाली, "मामा, फॉरमॅट करू?"

"थांब थांब!" मी कॅमेरा तिच्या हातातून घेतला आणि फोटो बघायचं बटण दाबलं. समोर माझे बाबा.

झालं होतं असं. या कॅमेऱ्यांत थोडी मेमरी आतच बसवलेली असते. ईएक्स-एस१ मध्ये ती १२ एमबी होती, माझ्या कॅमेऱ्यातही तेवढीच असावी. कार्ड नसेल तेव्हा फोटो तिथे जातात. आणि कार्ड घातलं की माझ्यासारख्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आतले फोटो दिसतच नाहीत. कधीतरी मी कार्ड संगणकाला लावून विसरलो असणार आणि त्या दिवशीचे चौदा फोटो आतच राहिले. इतकी वर्षं मला पत्ताच नव्हता.

बाबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांना फोटोचा भारी संकोच. मामेभावाचा मोठा कॅमेरा बघितला की लगेच शर्टाचं वरचं बटण लावून ताठ बसायचे. त्यामुळे अल्बममध्ये ते सगळीकडे पासपोर्टच्या फोटोसारखे दिसतात. या फोटोत मात्र ते ओट्यावर बसून शेंगा सोलतायत, कडेवर आमची भाची, जेमतेम वर्षाची, आणि ते तिला काहीतरी सांगून स्वतःच हसतायत. फोटो थोडा हललाय, उजेड कमी आहे, सावल्यांत दाणे दाणे दिसतात. पण त्यांनी कॅमेरा पाहिलाच नव्हता, कारण तो माझ्या तळहातात लपला होता.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा असे हसायचे?"

या कॅमेऱ्यानं प्रकाश सोडला, झूम सोडला, मेगापिक्सेल सोडले. त्या बदल्यात त्याला समोरच्या माणसाला न अवघडवता जवळ जाता आलं. ही गोष्ट कुठल्याच तपशीलपत्रकात नसते.

जुना कॅमेरा बाहेर काढताना किंवा विकत घेताना

१. कार्ड काढून आतली मेमरी आधी बघा. कार्ड नसताना फॉरमॅट केलं तर आतलेच फोटो पुसले जातात. फोटो काढायला कॅमेरा कार्डाशिवाय यूएसबीनं संगणकाला जोडा, किंवा मेनूत "कॉपी" असेल तर आतून कार्डावर घ्या.

२. चुकून पुसलेच, तर नवीन फोटो काढू नका. जुन्याच्या जागी नवं लिहिलं गेलं नाही तोवर रिकव्हरी सॉफ्टवेअरनं मिळण्याची आशा असते.

३. बॅटरी फुगली असेल तर वापरू नका, चार्जही करू नका. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

४. चार्जर आहे ना, ते बघा. काही मॉडेल खास स्टँडवर ठेवूनच चार्ज होतात. स्टँड हरवला की कॅमेरा शोभेचा.

५. कार्ड बघून घ्या. एसडीएचसी कार्ड २००६ मध्ये आलं. त्याआधीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना २ जीबीपर्यंतचं साधं एसडी कार्डच चालतं. काहींना मेमरी स्टिक किंवा एक्सडी कार्ड लागतं, ते आता शोधावं लागतं.

६. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग आहेत का बघा. झूम, फ्लॅश आणि तारीख टिकते का तेही तपासा.

७. कॅमेरा घरी उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट असतात आणि बॅटरी काढल्यावरही जोराचा झटका बसू शकतो.

घ्यावा का?

कॅमेरा निर्मात्यांच्या जपानी संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्याही खाली होता. कॅसिओनं तर २०१८ मध्येच हे छोटे कॅमेरे बनवणं थांबवलं. रोजच्या कामाला फोन बराच पुढे गेलाय, यात वाद नाही. तेव्हा महागडा "व्हिंटेज" कॅमेरा घेण्याआधी स्वतःच्या घरातलं कपाट उघडा. घेतलाच तर उन्हात किंवा खिडकीजवळ वापरा, कोपर छातीला टेकवा, बटण आधी अर्धं दाबून मग पूर्ण दाबा.

माझा कॅमेरा भाची घेऊन गेली, बरोबर २ जीबीचं कार्डही दिलं. ते चौदा फोटो आता तीन ठिकाणी जपलेत. परवा तिनं एक फोटो पाठवला. मी पेपर वाचताना डुलकी काढतोय, चष्मा नाकावर घसरलेला. कधी काढला, मला कळलंच नाही.