हाताने करा, मग कळेल

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हे त्याचं सूत्र. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये तिथे उभी राहिलेली फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांवर वस्तू बनवण्याची कार्यशाळा, जगातल्या सुरुवातीच्या अशा लॅबपैकी एक.

परंदवडी गावातल्या मुलांना अशा शिकण्याची सुरुवात घरीच करता येईल. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर एका सर्किटमध्ये जोडा. एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो. उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि प्रवाह १५ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. रेझिस्टर वगळलात, तर एलईडी जळेल. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात. पालकांनो, यंदाच्या सुट्टीत मुलांना तिथे जरूर न्या.