बडोद्याच्या वाड्यात गॅसची लाइन

बडोद्यात नळाने गॅस 1972 पासून मिळतो, आणि आमच्या वाड्यात तो यायला त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं गेली. मंडळाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा सगळे हसले, पण अर्ध्याअधिक लोकांच्या घरची गोष्ट तीच निघाली. म्हणून हा लेख. थोडा इतिहास, आणि जुन्या घरात गॅस घ्यायचा की वीज, की छतावर सौर बंब बसवायचा, याचा आम्ही केलेला हिशेब.

नळाचा गॅस आपल्या देशात नवा नाही. कलकत्त्याच्या रस्त्यांवर 1857 साली गॅसचे दिवे लागले, मुंबईत 1860 च्या दशकात. पण तो कोळशाचा गॅस. बंद भट्टीत कोळसा तापवून काढलेला, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइडचा मोठा भाग असल्यामुळे नुसता गळला तरी माणूस दगावेल असा. मुंबईला लालबागच्या बाजूला अजून ‘गॅस कंपनी’ ही खूण सांगतात, ती त्याच कारखान्याची. आपण रॉकेलला घासलेट म्हणतो तो शब्दही ‘गॅसलाइट’वरून आला असं मानतात. बडोद्यात गुजराती शेजाऱ्यांशी बोलताना मात्र घासलेटच चालतं, रॉकेल म्हटलं की हा पुण्याहून आलेला पाहुणा दिसतो.

बडोद्याचा गॅस वेगळा, जमिनीतून आलेला. तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाला 1958 मध्ये खंभातजवळ लुणेजला तेल लागलं, 1960 मध्ये अंकलेश्वरला. 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली. तेलाबरोबर विहिरीतून गॅस वर येतोच, आणि त्याला गिऱ्हाईक नसेल तर तो तिथेच पेटवून द्यावा लागतो. बडोद्याला गिऱ्हाईक होतं. आधी कारखाने, आणि मग 1972 पासून घरं, तीही नगरपालिकेच्या मार्फत. ज्या संस्थेकडे पाणी आणि वेरा त्याच संस्थेकडे गॅस, ही व्यवस्था देशात फार थोड्या ठिकाणी होती. पुढे 2013 मध्ये महानगर सेवासदन आणि गेल गॅस यांनी मिळून वडोदरा गॅस लिमिटेड ही कंपनी काढली आणि काम तिच्याकडे गेलं.

इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांसाठी एक जोड. तुमच्याकडे येणारा गॅस सुद्धा मूळचा या बाजूचाच. हजिऱ्याहून निघालेली मोठी वाहिनी गुजरातमधून माळव्यात शिरते आणि गुना जिल्ह्यातल्या विजयपूरवरून पुढे उत्तर प्रदेशात जाते. 2004 पासून दहेज बंदरावर परदेशातून द्रवरूपात येणारा गॅसही त्यात मिसळला. म्हणजे आज आमच्या शेगडीत जळतो तो अंकलेश्वरचा की कतारचा, हे आत्याला सांगता येत नाही. तिला तसं विचारायचंही नाही, तिला चहा लवकर हवा.

मग आमच्याकडे इतका उशीर का? कारण वाडा चौघांचा. वेऱ्याची पावती पणजोबांच्या नावावर, आणि पणजोबा जाऊन साठ वर्षं झाली. जोडणीला मालकीचा पुरावा आणि सहहिस्सेदारांची ना-हरकत लागते. आमचे एक काका अमेरिकेत, एक चुलतभाऊ बोलत नाही, आणि एका हिश्शात भाडेकरू. गल्लीतून लाइन गेली तेव्हा वडील म्हणाले होते, ‘सह्या झाल्या की घेऊ.’ सह्या झाल्या गेल्या वर्षी. दोष दुसऱ्या कुणाला देण्यात अर्थ नाही. जुन्या घरांत लाइन अडते ती बहुतेक वेळा कागदावर अडते, म्हणून ज्यांना घ्यायची आहे त्यांनी आधी वारसांची नोंद करून टाकावी. ती तशीही लागणारच आहे.

कागद झाले की पुढचं काम मात्र समजून घेण्यासारखं आहे. रस्त्याखाली साधारण मीटरभर खोल पिवळी किंवा केशरी प्लास्टिकची नळी असते, तिच्यात गॅसचा दाब चार बारच्या आसपास. घराच्या भिंतीजवळ तो एका रेग्युलेटरने खूप खाली आणतात आणि मीटरपाशी आणखी, म्हणजे सुमारे 21 मिलिबार. शेगडीवर पोहोचणारा दाब फुंकरीसारखा हलका असतो. प्लास्टिकची नळी जमिनीखालीच राहते. जमिनीवर आली की लोखंडी किंवा तांब्याची नळी. आमच्या दर्शनी बाजूला लाकडी कोरीव कणे आणि घोडे आहेत. कामगार सरळ त्यावरूनच नळी नेणार होते, तो जवळचा रस्ता. आम्ही मागच्या बोळातून न्यायला सांगितली, नळी थोडी जास्त लागली आणि त्याचे पैसे भरले. हे आधी, खुणा करायला माणूस येतो त्याच दिवशी सांगायचं असतं. भिंतीला भोक पडल्यावर सांगून उपयोग नाही. आणि मातीच्या भिंतीत क्लॅम्प नुसत्या खिळ्यावर टिकत नाही, तिथे विटेचा भाग शोधावा किंवा आधी सिमेंटचा गोळा बसवून घ्यावा.

शेगडी जुनीच चालते, पण तिचं नोझल बदलावं लागतं. सिलिंडरमधल्या गॅसपेक्षा नळाचा गॅस घनमीटरमागे कमी उष्णता देतो आणि दाबही कमी असतो, म्हणून त्याला मोठं भोक हवं. भोक न बदलता जोडलं तर ज्योत एवढीशी येते आणि लोक म्हणतात, गॅसला दम नाही. उलट नळाच्या गॅसचं नोझल लावून सिलिंडर जोडला तर ज्योत भडकते आणि भांडी काळी होतात, ते जास्त धोक्याचं. जुनी नोझलं पाकिटात घालून, पाकिटावर लिहून ठेवावीत.

धोक्याच्या बाबतीत दोन गॅसांचा स्वभाव उलटा आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला की जमिनीवर, मोरीत, तळघरात साचतो. नळाचा मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, तो वर जातो. म्हणून आमच्या माळवद असलेल्या स्वयंपाकघरात खिडकी होती ती पुरेशी नव्हती. वर, छताजवळ जाळी काढली. दोन्ही गॅसांना मूळचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळतात.

आता पाणी तापवण्याचं. बडोद्याची थंडी काही दिल्लीची नव्हे, घर तापवायचा प्रश्न आपल्याकडे येत नाही. तापवायचं ते आंघोळीचं पाणी. आमच्याकडे तांब्याचा बंब होता, मधल्या नळकांड्यात लाकडं आणि गोवऱ्या. गुजरातीत त्याला बंबो म्हणतात, आणि आग विझवणाऱ्या गाडीलाही बंबो म्हणतात, त्यामुळे इथे बंबाखाना म्हणजे अग्निशामक दलाचं ठिकाण. लहानपणी मला वाटायचं तिथे सगळ्या गावाचं पाणी तापत असेल. बंबाचं पाणी छान, पण लाकूड आणायचं कुठून आणि धुराचं काय? त्याला पर्याय म्हणून आम्ही तीन गोष्टी पाहिल्या.

हिशेब सोपा आहे. पाच माणसांना वीस लिटरची एकेक बादली, पाणी वीस अंशांवरून चाळीसवर न्यायचं, तर दोन हजार किलोकॅलरी लागतात. विजेच्या एका युनिटमध्ये 860 किलोकॅलरी, म्हणजे साधारण अडीच युनिट. नळाच्या गॅसमधून घनमीटरला ढोबळ साडेआठ हजार मिळतात, त्यातली वीस टक्के वाया गेली तरी तीन दशांश घनमीटरमध्ये काम होतं. चौदा किलोंचा एक सिलिंडर म्हणजे सुमारे अठरा घनमीटर गॅस. आपल्या बिलावरचा दर घ्या आणि गुणा. दर बदलतात म्हणून मी इथे रुपये लिहीत नाही, पण आमच्या बिलांवर गॅस विजेपेक्षा बराच स्वस्त पडला.

तरीही आम्ही गॅसचा गीझर घेतला नाही. माझ्या मावसभावाच्या मुलीला दुसऱ्या एका शहरात, बंद न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गीझरमुळे चक्कर आली. पाण्याचा आवाज थांबेना म्हणून वहिनींनी दार ठोठावलं आणि ती वाचली. एक घनमीटर गॅस नीट जळायला दहा घनमीटर हवा लागते. लहान मोरीत, दार-खिडकी लावून, ती हवा दहा मिनिटांत कमी पडते आणि मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, कोळशाच्या गॅसमधला तोच. गॅसला मिसळलेला वास इथे काही कामाचा नाही, कारण गॅस गळत नसतो, अर्धवट जळत असतो. घ्यायचाच असेल तर गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या पडवीत किंवा धूर बाहेर नेणाऱ्या नळीसकट. आमच्या वाड्यात मोऱ्या आतल्या चौकाकडे, पडवी भाडेकरूंच्या ताब्यात. जागा नाही.

विजेचा गीझर दोन हजार वॉटचा, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. आमची वायर आजोबांच्या काळातली, कापडात गुंडाळलेली, लाकडी पट्टीवर. तिच्यावर गीझर किंवा इंडक्शन लावणं म्हणजे सागवानी तुळईशेजारी शेगडी ठेवण्यासारखं. शेवटी मीटरपासून मोरीपर्यंत वेगळी जाड तार ओढली, अर्थिंग नवीन केलं, आणि गीझर बसवला. इंडक्शनचा मोह पुतण्याला होता, पण आमची निम्मी भांडी पितळेची आणि तांब्याची, त्यावर ती तापत नाहीत. चुंबक चिकटेल असा बुडाचा टोप लागतो.

सौर बंब हाच खरं तर इथल्या उन्हाला शोभणारा. पण शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो, वर टाकीचं आणि पट्ट्यांचं वजन, आणि ते सगळं कौलांच्या वाशांवर. सुताराने मागच्या बाजूचे दोन वासे टोचून पाहिले, आत भुगा. ते बदलल्याशिवाय छतावर काही चढवायचं नाही असं ठरलं आहे.

तेव्हा सध्या स्वयंपाक नळाच्या गॅसवर, आंघोळ विजेवर. सिलिंडर परत केला. मागच्या बोळातल्या नळीला एक तोंड पुढे कधी लागलं तर म्हणून बुच मारून ठेवलं आहे, आणि मुख्य कॉक कुठे आहे ते चारही हिश्शांतल्या बायकांना आणि भाडेकरूंना प्रत्यक्ष नेऊन दाखवलं. बंब विकलेला नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला. आत्या म्हणाल्या, नरकचतुर्दशीला लागतो.