टर्बोची वाढीव ताकद झेलणार कोण?

आपल्या शहराचं आणि टर्बो गाड्यांचं नातं तसं जुनं आहे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये आला, तेव्हापासून तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, दुचाकी आणि रिक्षांचं गाव म्हणून देशाला माहीत झालं. मग २००१ मध्ये जालना रस्त्यावर शेंद्र्याला स्कोडाची ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली. तिच्या १.९ लिटरच्या डिझेल इंजिनाला टर्बो होता. २००४ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस आली: १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, टर्बो आणि १५० अश्वशक्ती. आपल्या देशात विकत मिळू लागलेल्या पहिल्या टर्बो पेट्रोल गाड्यांपैकी ती एक. आज शहरात एक लिटरच्या इवल्याशा टर्बो इंजिनाच्याही कितीतरी गाड्या फिरतात. जुनी आरएस जपणारा हौशी असो की कालच नवी गाडी घेतलेला तरुण, दोघांचा प्रश्न एकच असतो. हिची ताकद आणखी किती वाढेल?

मला हा प्रश्न अर्धा वाटतो. ताकद वाढवणं टर्बो गाडीत फार अवघड नाही. वाढलेली ताकद पुढे कोण झेलणार, हे आधी विचारायला हवं.

इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं सोडता येतं, अडतं ते हवेपाशी. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या अभियंत्याने १९०५ मध्ये एक युक्ती पेटंट केली. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा इंजिनात दाबून भरायची. हाच आपला टर्बो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. मुंबईच्या मानाने इथली हवा सहा-साडेसहा टक्के विरळ असते, आणि साध्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते. टर्बो थोडा जास्त फिरून ही तूट भरून काढतो.

साध्या इंजिनात दहा अश्वशक्ती वाढवायची तर हेड उतरवा, कॅमशाफ्ट बदला, असा मोठा उद्योग असतो. टर्बो गाडीत हवेचा दाब किती ठेवायचा हे संगणक ठरवतो. त्याच्यातले आकडे बदलले, म्हणजे आपल्या भाषेत रिमॅप केला, की तासाभरात दाब वाढतो. आरएसच्या इंजिनाबद्दल रिमॅप करणारे १८० ते १९० अश्वशक्तीचा वायदा करतात, आणि तो अगदी हवेतला नसतो. फक्त तो आकडा कोणत्या हवेत, कोणत्या पेट्रोलवर आणि कसल्या तब्येतीच्या इंजिनावर मिळाला, ते जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

आधी तब्येतीचं पाहू. वीस वर्षांच्या टर्बो इंजिनात मुळातले १५० तरी शिल्लक आहेत का? रबरी नळ्या कडक होऊन भेगाळतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर दाब परत फिरवणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा फाटतो. हवा मोजणारा सेन्सर धुळीने मंदावतो. या इंजिनाच्या इग्निशन कॉइल जाण्याची तक्रार तर जगभर झाली. शिवाय ऑइल वेळेवर बदललं नाही तर त्याचा गाळ होऊन तळाच्या जाळीत अडकतो, आणि मिनिटाला लाखावर फेरे घेणाऱ्या टर्बोला ऑइल पुरत नाही. अशा गाडीवर रिमॅप चढवणं म्हणजे दमेकऱ्याला शर्यतीत उतरवणं. दाबाची गळती शोधायला धुराची किंवा हवेची चाचणी करतात, त्यात फुटकी नळी लगेच सापडते. नळ्या, व्हॉल्व्ह, कॉइल, प्लग, टायमिंग बेल्ट आणि ऑइल एवढं नीट केलं की पुष्कळ मालक म्हणतात, गाडी वाढवल्यासारखी पळते. खरं तर वाढलेलं काहीच नसतं, तिचं तिला परत मिळालेलं असतं. यात कायद्याचीही काही अडचण नाही.

आता उष्णतेकडे वळू, कारण मराठवाड्यात हा विषय टाळून पुढे जाताच येत नाही. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक तापतं, तशीच टर्बोतली हवा तापते. हिशेब करून पाहू. मे महिन्यात बाहेर ४२ अंश आहेत. टर्बोने ०.६ बार दाब दिला आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा ११० अंशांच्या आसपास असते. दाब १ बारवर नेला की हीच हवा १४५च्या घरात जाते. गरम हवा विरळ असते, म्हणजे दाब वाढवून जे मिळवलं त्यातलं काही तापमानानेच खाल्लं. ही हवा थंड करायला इंटरकूलर असतो. ११० अंशांची हवा त्याच दाबात ६० अंशांवर आणली तर सुमारे १५ टक्के जास्त हवा सिलिंडरात मावते.

त्याहून मोठा धोका नॉकिंगचा. ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेने आपोआप भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसावा तसा ठोका बसतो. आधुनिक इंजिनात हा ठोका ऐकणारा सेन्सर असतो. त्याला चाहूल लागली की संगणक ठिणगी उशिरा टाकतो, ज्योत सावरते आणि ताकद कमी होते. डिसेंबरच्या गार सकाळी मोजून दिलेले तीस वाढीव घोडे मे महिन्याच्या दुपारी सिडकोच्या सिग्नलवर गायब होतात, ते याच कारणाने. ज्यांच्या गाडीचा इंटरकूलर पुढच्या चाकाच्या कोपऱ्यात दडवलेला आणि लहान आहे, आणि आरएस त्यातलीच, त्यांनी रिमॅपच्या आधी किंवा निदान सोबत मोठा इंटरकूलर बसवावा असं माझं मत आहे. जाहिरातीत त्याचा आकडा छोटा दिसतो, पण तो मेमध्येही टिकतो.

पेट्रोलचंही तसंच. आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल अनेक वर्षं ९१ ऑक्टेनचं असायचं, महागडं ९५चं, आणि १०० ऑक्टेनचं काही मोजक्या पंपांवरच मिळतं. युरोपसाठी लिहिलेला रिमॅप ९५ किंवा ९८ गृहीत धरतो. तो जसाच्या तसा इथे चढवून कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलं तर नॉकिंगला आमंत्रणच. रिमॅप करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: हा कोणत्या ऑक्टेनसाठी लिहिला आहे? गडबडून गेला तर तिथून निघा. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल स्वतः नॉकिंगला चांगलं तोंड देतं, परंतु त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. २००४च्या गाडीत इंधनाच्या नळ्या बदलणं हा म्हणूनच मी ताकदीच्याच खर्चाचा भाग मानतो.

झेलणार कोण, या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर शेंद्र्यातूनच मिळतं. २०१६ मध्ये स्कोडाची नवी सुपर्ब बाजारात आली. तिचं १.८ लिटरचं टर्बो इंजिन १८० अश्वशक्तीचं. हाताने गिअर बदलायच्या गाडीत ते ३२० न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचं. सात गिअरच्या स्वयंचलित डीएसजी गाडीत मात्र २५० न्यूटन-मीटरच. इंजिन तेच, कंपनी तीच, मग ७० न्यूटन-मीटर गेले कुठे? त्या डीएसजीचा कोरडा क्लच २५० न्यूटन-मीटरच्या मर्यादेचा होता, म्हणून कंपनीनेच इंजिनाला आवर घातला. हा आवर संगणकात असतो. रिमॅपवाला तो पाच मिनिटांत काढतो आणि गाडी खरोखर जोरात पळते. पुढचं बिल येतं ते गिअरबॉक्सचं. स्वयंचलित टर्बो गाडीच्या मालकाने म्हणून आधी आपल्या गिअरबॉक्सची टॉर्कमर्यादा विचारून घ्यावी आणि ताकद तिच्या आतच ठेवावी. हाताच्या गिअरच्या गाडीत हा निकाल क्लच देतो. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असं झालं की समजावं, क्लच घसरतो आहे.

एअर फिल्टर आणि सायलेन्सरबद्दल फार बोलत नाही. उघड्या फिल्टरने आवाज मस्त येतो, ताकद नाममात्र. उलट बॉनेटखालची तापलेली हवाच तो आत ओढतो. आपल्या पैठण-बीडकडच्या धुळीत सैल जाळीचा फिल्टर लावला तर ती धूळ टर्बोच्या पात्यांना पॉलिश पेपरसारखी घासते. टर्बोच्या मागचा एक्झॉस्ट पाइप मोकळा केल्याने खरंच फरक पडतो, पण त्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका. मोठा टर्बो बसवायचा तर कनेक्टिंग रॉड, इंजेक्टर, क्लच असं सगळंच बदलावं लागतं. ती हौस वेगळी, तिचा खिसाही वेगळा.

कायदाही पाहायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. न कळवलेल्या बदलाचं निमित्त करून विमा कंपनी दावा नाकारू शकते. शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीला फेरनोंदणीची तपासणी असतेच. काम करण्याआधी आरटीओत लेखी विचारा, तोंडी नको.

शेवटचा भाग थांबण्याचा. समृद्धी महामार्ग आता आपल्या दारातूनच जातो आणि तिथे मोटारींची कमाल वेगमर्यादा १२० आहे. वेग १०० वरून १२० झाला की गाडीतली ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, आणि ती सगळी ब्रेकने गिळायची असते. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर फुटतात, म्हणून टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचायला शिका. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना ब्रेक ऑइलची परीक्षा होते. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-४ ऑइल २३० अंशांच्या आत उकळत नाही, पण पाणी शोषलेलं १५५ अंशांवरच उकळू शकतं. मग त्यात वाफ धरते आणि पेडल नुसतं खाली जातं. म्हणून माझ्या यादीत ब्रेक ऑइल रिमॅपच्याही आधी येतं. गाडीचं ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर ते याच आठवड्यात बदलून घ्या, आणि बदलल्याची तारीख बॉनेटच्या आत लिहून ठेवा.