प्रकाशफलक, बाजारपेठ आणि नगराचे नियम

नागपूरच्या बाजारपेठांचे रूप पालटत आहे. हाताने रंगवलेल्या पाट्या मागे पडल्या, त्यांच्या जागी फ्लेक्स आले आणि आता व्यापारी संकुलांच्या दर्शनी भागावर दर काही सेकंदांनी चित्र बदलणारे एलईडी फलक झळकू लागले आहेत. व्यापाऱ्याला त्यांचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. एकाच जागी अनेक जाहिराती दाखवता येतात, छपाईचा खर्च वाचतो आणि सणाचा माल दुकानात येताच त्याच दिवशी जाहिरात झळकते. परंतु हा फलक केवळ ग्राहकच पाहतो असे नाही. त्याचा उजेड समोरच्या घराच्या खिडकीतून आत शिरतो, चौकातील वाहनचालकाच्या डोळ्यांवर पडतो आणि त्याचा भार पादचाऱ्यांच्या डोक्यावर उभा असतो.

या फलकांना कोणाची परवानगी लागते? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम 244 आकाशचिन्हांविषयी, तर कलम 245 जाहिरातींविषयी आहे. दोन्हींसाठी आयुक्तांची परवानगी आवश्यक ठरते. याच अधिनियमाखाली राज्य शासनाने 2022 मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यामुळे स्वतःच्या इमारतीवर, स्वतःच्या पैशाने फलक उभारणाऱ्यालाही परवान्याची चौकट टाळता येत नाही.

ही चौकट किती गांभीर्याने घ्यावी, हे 13 मे 2024 रोजी मुंबईतील घाटकोपर येथे दिसले. वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळलेल्या फलकाखाली 17 जणांचा बळी गेला. मुंबईत कमाल मर्यादा 40 बाय 40 फूट असताना तो फलक सुमारे 120 बाय 120 फुटांचा होता, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट. त्यानंतर निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमली गेली. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिच्या शिफारशी स्वीकारल्या. 40 बाय 40 फुटांहून मोठ्या फलकांना परवानगी नाकारणे आणि इमारतींच्या गच्चीवर फलक लावण्यास मनाई करणे, या त्यांतील प्रमुख बाबी आहेत.

नागपूरकरांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. भारतीय मानकांनुसार नागपूरसाठी बांधकामाच्या आराखड्यात धरावयाचा मूलभूत वारावेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर आहे. त्या वेगाचा वारा 40 बाय 40 फुटांच्या सपाट फलकावर आदळला, तर साध्या हिशेबानेही सुमारे 17 टन वजनाइतका दाब येतो. वैशाखातील वादळे या शहराला नवी नाहीत. शिवाय एलईडी फलक फ्लेक्सच्या कापडापेक्षा कितीतरी जड असतो. फ्लेक्ससाठी उभारलेल्या जुन्या सांगाड्यावर अभियंत्याच्या तपासणीविना तो चढवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दुसरा प्रश्न उजेडाचा. भर उन्हात चित्र दिसावे यासाठी हे फलक अत्यंत प्रखर ठेवावे लागतात. तीच प्रखरता रात्री कायम राहिली तर डोळे दिपतात. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दोन सेकंदांत सुमारे 28 मीटर पुढे जाते. बदलत्या चित्राकडे वळलेली नजर तेवढे अंतर रस्त्यावर नसते. यावर उपाय उपलब्ध आहेत. भोवतालचा प्रकाश मोजून तेज आपोआप कमी करणारी यंत्रणा बसवता येते, हलत्या चित्रांऐवजी स्थिर चित्रे दाखवता येतात आणि रात्री ठरावीक वेळी फलक बंद ठेवता येतो. मुंबई महानगरपालिकेच्या 2024 च्या धोरण-मसुद्यात डिजिटल फलक रात्री 11 वाजता बंद करण्याची अट होती आणि तेजाचे कमाल प्रमाणही ठरवलेले होते.

येथे आपल्या शहरांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. अनेक पाश्चात्त्य नगरांत व्यापारी विभाग आणि निवासी विभाग बऱ्याच अंशी वेगळे असतात. त्यामुळे 'व्यापारी विभागात परवानगी, निवासी विभागात मनाई' एवढ्यावर पुष्कळसे काम भागते. इतवारी किंवा गांधीबागेत मात्र खाली दुकान आणि वर घर ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. डिसेंबर 2020 पासून लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीही रस्त्याच्या रुंदीनुसार निवासी विभागात दुकानांना मुभा देते. म्हणून नकाशावरील विभागाचा रंग पाहून परवानगी देणे येथे पुरेसे नाही. समोरची खिडकी किती अंतरावर आहे, जवळ रुग्णालय किंवा वाहतूक सिग्नल आहे काय, हे जागेवर जाऊन पाहिले पाहिजे.

व्यापारी कुटुंबांचे उत्तरदायित्वही येथेच सुरू होते. गच्ची वा भिंत जाहिरात कंपनीला भाड्याने देताना मिळणाऱ्या रकमेची चौकशी सर्वप्रथम होते. तिच्याआधी पालिकेचा परवाना, संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र आणि विम्याची कागदपत्रे मागून घ्यावीत. रात्री फलक बंद करण्याची वेळ करारातच लिहावी. सहनिवासाच्या सभेत हा विषय आल्यास, ज्यांच्या खिडक्या त्या बाजूला आहेत त्यांचे म्हणणे आधी ऐकावे. भाडे साऱ्या सहनिवासाला मिळते, परंतु रात्रीचा उजेड त्या दोन-चार घरांनाच सोसावा लागतो.