प्रतिसंस्कर्त्याची मर्यादा : विकिपीडियावर लिहिणाऱ्या वैद्यांसाठी

ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली एक याचिका आपणांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. इंग्रजी विकिपीडियावरील आयुर्वेदविषयक लेखात आपल्या शास्त्राची गणना छद्मविज्ञानात केली आहे व हा मजकूर बदनामीकारक आहे, अशी तक्रार आयुर्वेदीय औषध-उत्पादकांच्या एका संघटनेने केली होती. न्यायालयाने या याचिकेत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. विकिपीडियावरील लेखात बदल करता येतो, याकडे सुनावणीत लक्ष वेधले आणि कायद्याने उपलब्ध असलेले अन्य मार्ग याचिकाकर्त्यांना मोकळे ठेवले.

तेव्हापासून वैद्यांच्या बैठकांतून ‘आता आपणच लिहिले पाहिजे’ हा विचार वारंवार ऐकू येतो. विचार स्वागतार्ह आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे आणि त्यावरील वनस्पती, व्याधी व ग्रंथ यांविषयीच्या पुष्कळ लेखांना जाणत्या हाताची प्रतीक्षा आहे. परंतु लिहिण्याची मुभा असणे आणि लिहिण्याची रीत ठाऊक असणे या भिन्न गोष्टी होत. रीत सोडून केलेले लेखन काही तासांत पुसले जाते आणि त्यासोबत लिहिणाऱ्याची व त्याच्या शास्त्राची विश्वासार्हताही उणावते. म्हणून या रीतीचा विचार येथे करावयाचा आहे.

परंपरेतील दाखला

अनेकांनी मिळून एक ग्रंथ सिद्ध करणे ही कल्पना वैद्याला नवी नाही. अग्निवेशाने रचलेल्या तंत्राचा चरकाने प्रतिसंस्कार केला. पुढे अनुपलब्ध झालेले चिकित्सास्थानातील १७ अध्याय आणि कल्प व सिद्धी ही दोन्ही स्थाने दृढबलाने पूर्ण केली. एकूण १२० अध्यायांपैकी ४१ अध्यायांवर त्याचा हात फिरला आहे. विशेष असे की, आपण कोणता भाग पूर्ण केला हे त्याने ग्रंथातच नमूद केले. विस्तृत ते संक्षिप्त करणे, संक्षिप्त ते विशद करणे आणि आपल्या कामाची खूण मागे ठेवणे, ही प्रतिसंस्कर्त्याची कर्तव्ये होत. विकिपीडियावरील प्रत्येक पानाचा ‘इतिहास’ हीच खूण आपोआप जपतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे तेथे कोणालाही पाहता येते.

एका बाबतीत मात्र परंपरा आपल्याला मार्ग दाखवीत नाही. दृढबलाच्या काळी स्वामित्वहक्काचा कायदा नव्हता. आज तो आहे, आणि बहुतेक नवे लेखक येथेच अडखळतात.

हक्क कशावर असतो?

भारतीय स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आहे. हा कायदा वस्तुस्थितीला किंवा कल्पनेला संरक्षण देत नाही, तर तिच्या विशिष्ट शब्दरूपाला देतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. गुडूची रसाने तिक्त-कषाय, वीर्याने उष्ण व विपाकाने मधुर आहे, हे ज्ञान कोणाच्याही मालकीचे नाही. परंतु द्रव्यगुणाच्या एखाद्या आधुनिक पाठ्यपुस्तकात गुडूचीवर लिहिलेला परिच्छेद त्या लेखकाचा किंवा प्रकाशकाचा आहे.

हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. शंकर दाजीशास्त्री पदे १९०९ साली निवर्तले. त्यांचे लेखन आज सर्वांना खुले आहे. आचार्य यादवजी त्रिकमजी यांचे निधन १९५६ चे, म्हणून त्यांच्या लेखनावरील हक्क भारतात २०१६ च्या अखेरीस संपला. तथापि विकिपीडियाचा कारभार अमेरिकेतून चालतो व तेथील मुदतीचे गणित निराळे आहे. त्यामुळे एखादा संपूर्ण जुना ग्रंथ चढविण्यापूर्वी तेथील नियमही पाहावा लागतो.

संहिता मुक्त आहेत, हे खरे. पण संहितेचा अर्वाचीन अनुवाद, त्यावरील टिपा, प्रस्तावना व परिशिष्टे मुक्त नसतात. अनुवादकाला त्याच्या अनुवादावर स्वतंत्र हक्क असतो. मूळ सूत्र द्यावयाचे असल्यास स्थान, अध्याय व श्लोकांक यांसह द्यावे आणि आवृत्तीचे नावही लिहावे, कारण आवृत्तीगणिक श्लोकांक बदलतात. अर्थ मात्र आपल्या शब्दांत सांगावा.

नामनिर्देश म्हणजे परवानगी नव्हे

‘मी पुस्तकाचे नाव दिले होते, तरी मजकूर का काढला?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. संदर्भ देणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. त्याने उतारा छापण्याची अनुमती मिळत नाही. समीक्षेसारख्या कारणासाठी लहानसे अवतरण देता येते, पण पानभर मजकूर उतरवून खाली ग्रंथनाम लिहिणे हा स्वामित्वहक्काचा भंगच होय. मजकूर महाजालावर विनामूल्य वाचता येतो, एवढ्यानेही तो मुक्त ठरत नाही.

याचा एक धडा आपल्या पुण्यातच मिळाला आहे. २०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातील काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा उपक्रम राबविला. हेतू उत्तम होता. परंतु अनेकांनी पुस्तकांतून व संकेतस्थळांवरून उतारेच्या उतारे आणून चिकटविले. ते शोधण्याचा व पुसण्याचा भार जगभरच्या स्वयंसेवकांवर पडला आणि त्याच वर्षी उपक्रम थांबवावा लागला. प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कामाकडेही त्यामुळे संशयाने पाहिले गेले. वैद्यसमाजाने संघटितपणे लिहावयाचे ठरविले, तर हे उदाहरण आधी अभ्यासावे.

मग लिहावे कसे?

एका विषयावरचे दोन-तीन ग्रंथ वाचावेत, पुस्तके मिटावीत, समजले ते आपल्या भाषेत मांडावे आणि नंतर पुस्तके उघडून तपशील ताडून पाहावा. ‘ज्वरनाशक’च्या जागी ‘ज्वरघ्न’ घातल्याने परिच्छेद आपला होत नाही. वाक्यांचा क्रम, मांडणी व निवडही आपली असावी लागते. प्रथम लेखनासाठी विकिपीडियावर ‘धूळपाटी’ची सोय आहे, तिचा उपयोग करावा. इंग्रजी वा हिंदी विकिपीडियावरून भाषांतर करता येते, मात्र मूळ लेखाचा उल्लेख बदलाच्या सारांशात करणे आवश्यक आहे. संगणकाकडून लिहवून घेतलेला मजकूर पडताळल्यावाचून कदापि चढवू नये. त्यातील श्लोकांक व ग्रंथसंदर्भ पुष्कळदा निराधार असतात.

स्वतःचे लेखन देतानाही विचार करावा. विकिपीडियावरील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘ॲट्रिब्यूशन-शेअरअलाइक ४.०’ या परवान्याखाली प्रसिद्ध होतो. श्रेय देऊन व तोच परवाना राखून कोणीही तो वापरू शकतो, व्यापारासाठीसुद्धा. एकदा दिलेले हे दान परत घेता येत नाही. आपल्या पुस्तकाचे हक्क पूर्वीच प्रकाशकाला दिले असतील, तर त्यातील मजकूर देण्याचा अधिकार आपणांस उरलेला नसतो. याउलट, स्वतः काढलेली वनौषधींची छायाचित्रे हे अत्यंत मोलाचे योगदान ठरते. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र मात्र त्याच्या स्पष्ट संमतीवाचून देऊ नये.

अनुभव, प्रमाण आणि तटस्थता

‘माझ्या वीस वर्षांच्या अनुभवात’ हे शब्द चिकित्सालयात वजनदार आहेत, ज्ञानकोशात त्यांना स्थान नाही. तेथे प्रसिद्ध व पडताळता येईल असाच आधार लागतो. रोग बरा होण्याविषयीच्या विधानाला तर एकट्यादुकट्या अभ्यासाऐवजी अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा मागितला जातो. ग्रंथोक्त विधान ‘ग्रंथात असे म्हटले आहे’ याच रूपात लिहावे. स्वतःच्या चिकित्सालयाचा दुवा देणे किंवा आपल्या औषधालयाच्या कल्पाविषयी लिहिणे हे हितसंबंधांमुळे वर्ज्य समजावे.

तटस्थतेची खरी कसोटी प्रतिकूल मजकुरात लागते. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या मुंबईतील सहा रुग्णांचे वृत्त २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची निश्चित ओळख पटविली गेली नसल्याकडे लक्ष वेधले. गुळवेलीवरील लेखात ते वृत्तही हवे आणि तो आक्षेपही. आपल्याला अप्रिय असलेली बाजू पुसून टाकणाऱ्या वैद्याचे उरलेले लेखनही कोणी प्रमाण मानणार नाही. शिवाय तो लेख वाचून घरी काढा करणारा रुग्ण आपलाच असतो; त्याला अपुरी माहिती मिळाली, तर त्याची हानी आपल्या दारी येते.

मतभेद झाल्यास एकमेकांचा मजकूर पुनःपुन्हा खोडत बसू नये. प्रत्येक लेखाला ‘चर्चा’ पान जोडलेले असते. विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील पहिला, स्नेहाने व जिज्ञासेने होणारा संवाद, येथे उपयोगी पडतो. वादग्रस्त लेखांना संरक्षण दिलेले असते व नवख्याला तेथे थेट बदल करता येत नाही. त्याने चर्चा पानावर आधारासह आपले म्हणणे मांडावे.

आरंभ याहून सोपा करता येईल. आपल्या परिसरात उगवणारी एक वनस्पती प्रत्येकाने निवडावी, तिचे स्थानिक नाव, छायाचित्र आणि ग्रंथांतील निर्देश आधारासह द्यावेत आणि पुढील वैद्याने तपासावेत. तक्रारीने जे साधले नाही, ते अशा शिस्तबद्ध लेखनाने हळूहळू साधेल, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही.