डीजेसाठी हलका लॅपटॉप घेताय? वजनाआधी हे बघा
अकोला : वरात ऐन रंगात असते अन् गाणं अडकतं. वरातीतले डीजेवाल्यालाच बोलतात, वरून पैसेही कापतात. अनेकदा दोष लॅपटॉपचा असतो.

जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. पिकअपवर बेसचे हादरे अन् खड्ड्यांचे धक्के बसले की ती अडखळते, कधी कायमची जाते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून आधी एसएसडी बघा. रॅम ८ जीबी चालते, १६ असली तर उत्तम.

दुसरं ऊन. मे महिन्यात अकोल्या-अमरावतीत पारा ४५ अंशांच्या घरात जातो. काही अगदी पातळ लॅपटॉपला पंखाच नसतो. तापले की ते आपोआप मंद होतात. त्यापेक्षा दीड किलोचा पंखेवाला बरा.

दुकानात आपला कंट्रोलर घेऊनच जा. पातळ मॉडेलला अनेकदा फक्त टाइप-सी पोर्ट असतात, अन् ढिला अडॅप्टर वरातीत हमखास निसटतो. बॅटरी दमदार पाहिजे, म्हणजे जनरेटर बसला तरी लॅपटॉप बंद होत नाही.

श्रावणात गांधीग्रामहून अकोल्याला येणाऱ्या कावडीसोबत डीजे असेल तर पावसासाठी प्लास्टिक गुंडाळताना पंख्याची जाळी मोकळी ठेवा.